धनकंवरबाईंच्या दहा दिशा

तळोद्यात एखाद्याचं नशीब उघडलं, तर ते आधी शेजाऱ्याला कळतं. चंपालालजींना जहाजाची सहल लागली ही बातमी त्यांना स्वतःला मिळाली ती जहीरकडून. चंपालालजींचं पाइप आणि मोटारपंपांचं दुकान, आणि भिंतीला भिंत लावून जहीरचं मोटार वाइंडिंगचं. पाइप कंपनीचा माणूस पत्र घेऊन आला तेव्हा चंपालालजी घरी जेवायला गेले होते, म्हणून पाकीट जहीरच्या हाती पडलं. पाकीट बंद होतं. जहीरच्या मते ते उघडंच होतं. या मुद्द्यावर दोघांचं आजवर एकमत झालेलं नाही.

"सेठ, तुम्हनं नशीब खुलनं!" जहीर रस्त्यातच ओरडला. "तुम्ही आनि भाभी जहाजमा चालनात. तठे आग ओकस असा डोंगर शे म्हने!"

पत्रात तसंच होतं. कंपनीच्या बाकीच्या वर्षांच्या योजना सरळ असत. इतका माल उचला, मिक्सर न्या. त्याहून जास्त उचला, बँकॉकला जा. पण या वर्षी कंपनीत कोणी नवा, चष्मा लावणारा अधिकारी आला होता आणि डीलर मंडळींना निसर्ग दाखवावा असं त्याच्या मनाने घेतलं होतं. चोवीस डीलर, चोवीस बायका, एक छोटं जहाज, अंदमानच्याही पलीकडची ज्वालामुखीची निर्मनुष्य बेटं, पक्षी, मासे, डॉल्फिन. सोबत रंगीत माहितीपत्रक होतं. ते चंपालालजींनी उलटंसुलटं करून पाहिलं, जेवणाचं पान शोधलं, 'जैन भोजन उपलब्ध' वाचलं आणि मिटून ठेवलं.

घरी जाऊन त्यांनी जाहीर केलं, "जानेवारीच्या अकरा तारखेला निघायचंय. जहाजाने. दोघांनी."

धनकंवरबाई फुलके लाटत होत्या. त्या म्हणाल्या, "बरं."

इथे एक खुलासा केलेला बरा. या घरात मारवाडी बोलतात, दुकानात अहिराणी, बँकेत मराठी आणि भांडताना हिंदी. वाचकांच्या सोयीसाठी घरचं बोलणं आपण मराठीत ऐकू. जिथे मराठीने भागणार नाही तिथे तसंच राहू देऊ. पण 'बरं' कुठल्याही भाषेत 'बरं'च असतं, आणि एकेचाळीस वर्षांच्या संसारात चंपालालजींनी त्याचा एकच अर्थ लावला होता, की काम झालं.

या वेळी काम व्हावं असं त्यांना मनापासून वाटत होतं, कारण त्यांच्या बैठकीच्या शोकेसमध्ये एक शंख होता. एकोणीस वर्षांपूर्वी याच कंपनीने गोव्याची दोन तिकिटं दिली होती. 'तिला कुठे आवडतं असलं,' असं म्हणून चंपालालजी आपल्या किराणावाल्या मित्राला, रूपचंदला, घेऊन गेले आणि येताना बायकोसाठी शंख आणला. धनकंवरबाई तो दर दिवाळीला पुसत आणि परत जागेवर ठेवत. त्यांनी तो पुसायला घेतला की चंपालालजी नजर चुकवून दुकानाकडे निघायचे. या बाईने अजून समुद्र पाहिलेला नाही आणि तो आपण दाखवायचा, एवढं एकच त्यांनी ठरवलं होतं.

आता तळोद्यात समुद्र नाही, पण समुद्राबद्दल सल्ला देणारे भरपूर. जहीरने पहिल्याच दिवशी खुर्ची ओढली.

"सेठ, जहाजमा उलट्या व्हतस. आलं चावा. अरे हां, तुम्हाले आलं चालस नही. मंग सुंठ चावा. आनि पव्हता येस का?"

"कंपनी जॅकेट देस ना," चंपालालजी म्हणाले.

"जॅकेटना काय भरोसा? मोटारले बी कंपनी ग्यारंटी देस, आनि मंग जळेल मोटार मन्हाकडेच येस."

हा युक्तिवाद चंपालालजींना नाकारता येईना, कारण त्या मोटारी त्यांनीच विकलेल्या असत. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्यांनी पोहायला शिकायचं ठरवलं. कळसाडी गावचा नथ्थू हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक. ऊस, कापूस आणि भरल्या पाण्याची विहीर. विहिरीत उतरायला पायऱ्याही होत्या. गावात कोणाला कळू नये म्हणून चंपालालजी सकाळी सातला गेले. सव्वासातला विहिरीच्या काठावर साठ माणसं होती.

गळ्यात जुना टायर घालून पाण्यात उतरणं पाइपच्या व्यापाऱ्याला शोभलं नसतं. म्हणून त्यांनी दुकानातलाच चार इंची पाइप घेतला, त्याचे दोन तुकडे केले, दोन्ही टोकांना टोप्या बसवल्या आणि नायलॉनच्या दोरीने ते छातीला बांधले. टोप्या बसवताना चिकटवायचं सोल्यूशन मात्र त्यांनी हात आखडून लावलं. ही सवय त्यांच्या दुकानाइतकीच जुनी होती.

"सेठ, डरू नका. मी शे ना," नथ्थू पाण्यातून म्हणाला.

चंपालालजी उतरले. तरंगले. काठावर टाळ्या झाल्या. त्यांनी हात वर करून त्या स्वीकारल्या, आणि तेवढ्यात उजवीकडची टोपी निघाली. मग डावीकडची. पाइपमधून बुडबुडे आले, आणि तळोद्याचे एक प्रतिष्ठित व्यापारी आपल्याच मालासकट खाली गेले. नथ्थूने त्यांना धोतराला धरून वर काढलं, पायरीवर बसवलं, पाणी ओकू दिलं आणि मगच, अगदी शांतपणे, मनातलं बोलला.

"सेठ, आम्हना वावरमा बी हाऊच पाइप असाच निंघस. तीन सालपाईन सांगी ऱ्हायनू, तुम्ही मानतस नही."

साठ माणसांनी मान डोलावली. त्यातल्या चाळिसांचे पाइप चंपालालजींकडचेच होते. दुसऱ्या दिवशी नथ्थूच्या शेतात नवे पाइप पोचले, आणि जोडणाऱ्या माणसाला सोल्यूशनचा अख्खा डबा दिला होता. पोहणं तिथेच संपलं.

मग कागदपत्रं सुरू झाली. त्या बेटांच्या बाजूला जायचं तर परवाना लागतो, परवान्याला प्रतिज्ञापत्र लागतं आणि प्रतिज्ञापत्राला एक छापील नमुना लागतो. ज्या कार्यालयात तो मिळाला त्याचं नाव घेण्यात अर्थ नाही. तिथला पंखा आणि कारकून दोघेही आपापल्या गतीने चालत होते. नमुन्यात रकाना होता, 'प्रवासाचा उद्देश'. पुढे चौकोन होते: शिक्षण, नोकरी, उपचार, तीर्थयात्रा, इतर.

"फिरायला जातोय," चंपालालजी म्हणाले.

"फिरायला असा चौकोन नाही."

"मग इतर."

"इतर केलं की फाइल वर जाते. वर गेलेली फाइल खाली आलेली मी तरी पाहिलेली नाही. सव्वीस वर्षं झाली मला."

चंपालालजी व्यापारी असले तरी खोटं लिहिताना त्यांचा हात अडखळे. त्यांनी मनाशी विचार केला. डोंगर आहे, चहूकडे पाणी आहे, वर अखंड अग्नी आहे. एवढी सामग्री असताना कोणी ना कोणी तिथे हात जोडले असतीलच. त्यांनी 'तीर्थयात्रा'वर खूण केली. खाली साक्षीदाराची सही हवी होती. समोरून गावच्या जैन संघाचे अध्यक्ष शांतीलालजी येत होते. माणसाचं दैव कसं चालतं पाहा, शांतीलालजी आयुष्यात पहिल्यांदाच सही करण्यापूर्वी कागद वाचते झाले.

संध्याकाळपर्यंत संघाच्या व्हॉट्सॲपवर हात जोडलेली एकशे चौदा चित्रं आली होती. 'श्रीमान चंपालालजी सपत्नीक दुर्गम द्वीपतीर्थाच्या यात्रेस. खूब खूब अनुमोदना.' रविवारी उपाश्रयाच्या सभागृहात बहुमान ठरला. चंपालालजी धावत शांतीलालजींकडे गेले.

"अहो, ते तसं तीर्थ नाही..."

"मोठी माणसं असंच म्हणतात," शांतीलालजी म्हणाले आणि बँडवाल्याला फोन लावला.

रविवारी चंपालालजींच्या डोक्यावर पागोटं आलं, कपाळावर टिळा आला आणि तोंडचं पाणी पळालं. शांतीलालजींनी पंचवीस मिनिटं भाषण केलं. त्या तीर्थाचं माहात्म्य फार थोड्यांना ठाऊक आहे, असं त्यांनी चार वेळा सांगितलं, आणि ते अगदी खरं होतं. शेवटी बायका श्रीफळ घेऊन धनकंवरबाईंकडे वळल्या. धनकंवरबाई उठल्या. त्यांनी श्रीफळ घेतलं नाही.

"मी कुठे चाललेय?" त्या म्हणाल्या. "मला दिशांचा नियम आहे. समुद्रातून प्रवास नाही. आणि ते तीर्थ नाही. तिथे बकऱ्या आहेत. कधीकाळी कोणीतरी जहाजातून सोडलेल्या. माहितीपत्रकाच्या सातव्या पानावर लिहिलंय."

आणि त्या बसल्या. सभागृहात एवढी शांतता झाली की बाहेर बँडवाला सुपारी कातरत होता तेही ऐकू आलं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जैन घरांत काही माणसं दिशांची मर्यादा बांधून घेतात. चार दिशा, चार उपदिशा, वर आणि खाली, अशा दहा. पूर्वेला सम्मेतशिखरपर्यंत, पश्चिमेला पालिताण्यापर्यंत, असं ठरवायचं, गुरूंसमोर नियम घ्यायचा आणि त्या रेषेपलीकडे जन्मभर पाऊल टाकायचं नाही. धनकंवरबाईंनी असा नियम एकोणीस वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात घेतला होता. चंपालालजींना तो माहीत नव्हता असं नाही. त्या दिवशी घरी लापशी झाली होती, एवढं त्यांना आठवत होतं. कशाबद्दल, ते त्यांनी विचारलं नव्हतं.

शांतीलालजींनी पागोटं परत मागितलं नाही. पण ते कुठे ठेवलंय, हे दोनदा विचारलं.

घरी चंपालालजी चिडले. तिकिटं, परवाना, विहीर, साठ माणसं, बँड! "आधी सांगता येत नव्हतं?"

"तुम्ही विचारलं कुठे?" धनकंवरबाई म्हणाल्या आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या.

राग ओसरल्यावर चंपालालजींना वेगळीच गोष्ट टोचू लागली. त्यांनी कपाटावरचं माहितीपत्रक काढलं. जेवणाच्या पानापलीकडे त्यांनी ते वाचलंच नव्हतं. आता पाहतात तर पानांचे कोपरे मऊ झालेले, डॉल्फिनच्या चित्रावर पिठाचं बोट उमटलेलं. सातवं पान तर बांधणीतून सुटायला आलं होतं. ज्या बाईला जायचंच नव्हतं तिने हे इतक्या वेळा कशाला वाचलं? ते पलंगावर बसून राहिले आणि त्यांना फार वाईट वाटलं.

नियम देणाऱ्या साध्वीजींचा चातुर्मास या वर्षी शहाद्याला झाला होता आणि आता त्या पायी विहार करत प्रकाशा गावाकडे निघाल्या होत्या. चंपालालजींनी मुलाला, तरुणला, गाडी काढायला सांगितली. सकाळी रस्त्यावर पांढऱ्या वस्त्रांतल्या चार साध्वीजी दिसल्या. आता साध्वीजी वाहनात बसत नाहीत आणि बोलायला थांबायला त्यांना वेळ नव्हता, ऊन चढायच्या आत मुक्काम गाठायचा होता. चंपालालजींनी चपला गाडीत काढून ठेवल्या आणि बरोबर चालू लागले. साध्वीजी एकाहत्तर वर्षांच्या होत्या. चंपालालजी पहिल्या किलोमीटरलाच मागे पडले. मागून तरुण पहिल्या गिअरमध्ये गाडी आणत होता, आणि उसाचे ट्रॅक्टरवाले हे काय चाललंय म्हणून वेग कमी करून बघत होते.

"महाराजसाहेब," चंपालालजी धापा टाकत म्हणाले, "धनकंवरचा... नियम... सोडवायचा आहे."

"नियम सोडवायचा नसतो, श्रावकजी. पाळायचा असतो."

"पण तिला जायचंय. मला कळलंय आता."

"तुम्ही त्यांना विचारलंत?"

"तिकिटं काढली, महाराजसाहेब. परवान्याला अर्ज केला. पोहायला गेलो, बुडालो."

"विचारलंत का?"

"तारीख सांगितली ना तिला. पहिल्याच दिवशी."

साध्वीजींनी वाटेतली मुंगळ्यांची रांग वळसा घालून टाळली. मग म्हणाल्या, "समुद्रात जा, असं मी कधी म्हणणार नाही. पाण्यात किती जीव असतात. पण त्यांनी नियमाला एक आगार ठेवला होता, तो माझ्या लक्षात आहे." आगार म्हणजे नियम घेतानाच मागून ठेवलेली सवलत. लोक सहसा आजारपणाची ठेवतात. "त्या म्हणाल्या होत्या, 'घरधनी स्वतः मला विचारतील, येतेस का म्हणून, तर तेवढ्या प्रवासापुरती मोकळीक.' मी म्हटलं, बाई, असा कसा आगार? नियम आठ दिवसांत संपेल. त्या म्हणाल्या, 'महाराजसाहेब, काळजी करू नका. नियम सुरक्षित आहे.'"

चंपालालजी रस्त्यात उभे राहिले. साध्वीजी पुढे निघून गेल्या. चंपालालजींनी आठवून पाहिलं. नाकोडा-शिखरजीच्या यात्रा, सुरतची लग्नं, मुलीचं बाळंतपण. 'उद्या निघायचंय.' 'गुरुवारी निघायचंय.' 'पिशवी भर.' एकोणीस वर्षांत, आणि त्याआधीच्या बावीस वर्षांतही, एक प्रश्नचिन्ह सापडेना. पायाला खडा टोचत होता, पण तो काढायचंही त्यांना सुचलं नाही.

घरी आले तेव्हा धनकंवरबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. एवढा सोपा प्रश्न, एक-दोन शब्दांचा. चंपालालजी समोर बसले आणि म्हणाले, "पाणी दे." पाणी प्यायले. मग म्हणाले, "थंडी पडलीय." थंडी पडलीच होती, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. मग त्यांनी मेथीची एक काडी उचलली, तिची पानं खुडली आणि देठ भाजीत, पानं कचऱ्यात टाकली. धनकंवरबाईंनी ती उचलून परत घेतली.

"चालसी?" चंपालालजी खाली बघून म्हणाले. येतेस का, एवढंच.

धनकंवरबाईंचे हात थांबले. "महाराजसाहेबांनी सांगितलं म्हणून विचारता?"

खोटं बोलायची ही उत्तम जागा होती. "हो," चंपालालजी म्हणाले. "पण विचारायला मीच हवा होतो. गोव्याच्या वेळीच. माझं चुकलं. तिथे मला सारखी तुझी आठवण येत होती, आणि रूपचंद सारखा घोरत होता."

धनकंवरबाईंनी बराच वेळ एकच जुडी निवडली. मग सूप उचलून त्या उठल्या.

"विचार करून सांगते," त्या म्हणाल्या.

त्यांनी तीन दिवस विचार केला. उत्तराची वाट बघणं ही काय चीज असते ते चंपालालजींना या वयात समजलं. बसवेना म्हणून ते कार्यालयात गेले, 'तीर्थयात्रा' खोडून 'इतर' केलं आणि फाइल वर गेली. चौथ्या दिवशी ती मंजूर होऊन खाली आली. कारकून उठून उभा राहिला आणि त्याने फाइलला हात लावून पाहिला. सव्वीस वर्षांत पहिलीच.

त्याच दिवशी ताटात फुलका वाढताना धनकंवरबाईंनी विचारलं, "ते डॉल्फिन सकाळी दिसतात का संध्याकाळी? संध्याकाळी असतील तर मला दिवस मावळायच्या आत जेवण आटपावं लागेल."

चंपालालजींना ताबडतोब जहीरला सांगायला जायचं होतं, पण जहीरला आधीच कळलं होतं. अख्तरबानोभाभींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, धनकंवरबाईंसाठी सुंठेची पुडी सकाळीच पाठवली होती.

समुद्राचं पुढे काय सांगावं? जहाजाने धक्का सोडला आणि चंपालालजींनी धीर. उलट्यांवर सुंठ, लिंबू, गोळी, काही चालेना. दोन दिवस ते खोलीतल्या बिछान्यावर आडवे होते. छत डावीकडे जाई आणि ते उजवीकडे. त्यांचे कळसाडीचे गुरू नथ्थू असते तर धोतराला धरायला तरी आले असते, असं त्यांना वाटे. धनकंवरबाईंना काहीही झालं नाही. त्या खाकऱ्याचा डबा घेऊन पहाटेपासून डेकवर असत. पक्षी-प्राणी दाखवणारी नेहल नावाची एक मुलगी होती, तिने त्यांना दुर्बीण देऊन टाकली, कारण आधी दिसतं ते त्यांनाच. उडणारे मासे त्यांनी पाहिले. डॉल्फिन मोजले, सकाळी सात आणि संध्याकाळी, जेवण आटपून, अकरा. राजकोटचे एक डीलर आपल्या बायकोला सांगत होते, "वो तळोदावाली मासीजी से पूछो, कहाँ देखना है."

तिसऱ्या दिवशी सकाळी इंजिनाचा आवाज बदलला आणि जहाज शांत झालं. खोलीचं दार उघडलं. धनकंवरबाई दारात उभ्या होत्या, वाऱ्याने केस सुटलेले, गालाला ऊन लागलेलं. चंपालालजींनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"बेट आलं," त्या म्हणाल्या. "उतरू देत नाहीत, भोवती फिरवणार आहेत. पार काळा डोंगर आहे आणि वरून धूर निघतोय. आणि कडेला बकऱ्या आहेत. मी नऊ मोजल्या. अगदी आपल्या मोलगीच्या बाजारातल्यासारख्या."

चंपालालजी डोळे मिटून होते. आता ती म्हणणार, उठा. किंवा म्हणणार, पडून राहा. लहानपणी वडील म्हणाले, दुकानात बस, ते बसले. आई म्हणाली, मुलगी पाहिलीय, ते घोड्यावर बसले. कंपनी म्हणाली, माल उचला, त्यांनी उचलला.

धनकंवरबाई जवळ आल्या आणि बिछान्याच्या कडेला टेकल्या.

"थे चालसो?" त्यांनी विचारलं. तुम्ही येता का?

चंपालालजींनी डोळे उघडले. चौसष्ट वर्षांत हा प्रश्न त्यांनाही कोणी विचारला नव्हता.

"विचार करून सांगतो," ते म्हणाले.

धनकंवरबाई इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारच्या खोलीतले जळगाववाले दार उघडून बघायला आले. आणि चंपालालजी भिंतीला धरून उठले आणि खाली वाकून, जहाजाबरोबर इकडून तिकडे घसरणाऱ्या आपल्या चपला शोधू लागले.